गजाननच्या नावाचा कोट

नाव माझं रशीद, पन या नावानं आमच्या नेर गावामंदी विचारान तं कोनी घर दाखवनार नाही, टेलर मास्टर म्हना, थेट दुकानात आनून सोडतीन. जन्म इथलाच, अब्बाही टेलरच होते, आनि त्यायनं सुईच्या आधी मले कपडा वाचाले शिकवला, म्हनजे कोनाचा वापरलेला कोट हाती देत आनि पुसत, सांग हा मानूस कसा हाये. मी सांगो, अब्बा, हा खिशात मूठ घालून उभा राह्यते, याचा डावा खांदा उतरेल हाये, हा जेवल्यावर बटन सोडते. चुकलो का टपली. आज सदुसष्ट वर्षाचा झालो, चष्मा जाड झाला, पन कपड्यात मी चुकत नाही, हे गर्वानं सांगून राह्यलो, कोनाले राग आला तं येवो.

तं झालं असं का आमच्या शाळेनं एका खोलीत जुन्या वस्तूंचं संग्रहालय मांडलं, आनि सुमनबाईनं आपल्या भावाची पेटी देल्ली. सुमनबाई बाजूच्या खेड्यातली, कापूस-तुरीचं घर, पंच्याहत्तरच्या वर वय. भाऊ गजानन हवाई दलात इंजिनाच्या कामावर होता, बाविसाव्या वर्षी गेला, बसला होता ते विमान पहाडात हरवलं ते सापडलंच नाही. ना मानूस आला ना राख, घरी आली ते लोखंडी पेटी, आनि मागून टपालानं त्याचं नोकरीचं पुस्तक. आईनं पेटी कधी उघडू देल्ली नाही, देव्हाऱ्याजवळ ठेवली, दसऱ्याले फूल वाहे. आता उघडली तं आत वर्दीचा कोट, प्यांट, टोपी. शाळेचे गुरुजी म्हने, मास्टर, हे घालून उभा राहीन असा पुतळा करून द्या, सुमनबाईचे डोये जाऊन राह्यले, त्याइले एकदा पाहाचं हाये.

पुस्तकात उंची, छाती, सारं लिहेल होतं, उंची पाच फूट चार, छाती एकतीस. त्या मापानं मी गोनपाटाचा पुतळा शिवला, पिंजलेला कापूस भरला, वरून कोट चढवला तं तो लोंबला, लेकरानं बापाचा घातल्यासारखा. मले राग आला. मंग सारं उसवलं आनि उलटं काम धरलं, कोट जिथं मागन तिथं कापूस भरत गेलो, चार दिवस भरत गेलो, आनि काय सांगू तुम्हाले, माझ्याच हातानं एक मानूस उभा झाला जो मी ठरवला नव्हता. रुंद छातीचा, पोट सुटेल, उजवा खांदा उतरेल. कमरेची शिवन दोनदा सैल केलेली, म्हनजे चाळिशीतला मानूस. छातीवर बिडीच्या ठिनगीचं भोक.

भर दुपारी कोटाले वाफेची इस्त्री मारली तं काखेतून घामाचा वास उठला. साठ वर्षं बंद राह्यलेला कपडा, आनि वास ताजा, आताच उन्हातून आल्यासारखा. मी दाराकडे पाह्यलं, कोन आलं म्हनून. कोनीच नव्हतं. गिऱ्हाईक येत तं मुंडकं नसलेल्या त्या पुतळ्याले पाहून हळू बोलत, बाजूनं जात, काहून ते त्याइले बी सांगता येत नव्हतं. बायको चहा घेऊन आली ते उंबऱ्यातच थांबली, म्हने आधी याइले तिकडे तोंड कराले सांगा. तोंड होतंच कुठं त्याले? तरी मी फिरवला. आनि खरं सांगतो, मी भेलो. भेव पुतळ्याचं नव्हतं. वर्दी गजाननची नाही तं गेला तो तरी गजानन होता का, हे त्या बुढीनं पुसलं तं मी काय सांगू?

गुरुजीले सांगतलं. ते म्हने पेटी कुठं बदलली कोन जाने, तुम्ही कोट मागून आत घ्या, पुतळा बारीक करा, बुढीले काय समजते. दहा मिनिटाचं काम. खडूची रेघ मारली, कैची उचलली, पन हात चालेना, जित्या मानसाले लावून राह्यलो असं वाटे.

त्यातच सुमनबाई आली, काठी टेकत, भाच्याले बाहेर बसवून. सरळ पुतळ्याजवळ गेली आनि हातानं पाहाले लागली, छाती, पोट, उतरेल खांदा. मी म्हन्लं, बाई, मले काही सांगाचं हाये. ते म्हने, मास्टर, हा गजू नाही, मले ठाव हाये.

मंग खुर्चीवर बसून सांगतलं. पंधरा वर्षाची होती तवा, आई वावरात गेली असताना तिनं चाबी घेऊन पेटी उघडली होती, कोट घातला होता. गजूचा सदरा मले बरोबर होये, म्हने, आनि हा कोट गुडघ्याच्या खाली गेला. तसाच घडी केला, कुलूप लावलं. आईले सांगतलं असतं तं गजू जिता असन म्हनून ते मरेपर्यंत रस्त्याकडे पाहात बसली असती. मी पुसलं, आनि तुम्ही? ते म्हने, मी बसली न.

मी म्हन्लं, मंग पुतळा कायले पाहाचा होता? ते म्हने, याच्यासाठीच. साठ वर्षं आमच्या घरी राह्यला, आईच्या हातचे फुलं घेतले, कसा दिसते ते तं पाहाव. अजून एक गोष्ट बोलली, कोट कापू नका, कोनाचा तरी हाये तो.

नाही कापला. खडूची रेघ ओल्या फडक्यानं पुसली. आता तो शाळेत काचेमागे उभा हाये, खाली पाटी गजाननच्या नावाची, सुमनबाईनंच ठेवाले सांगतली. जुम्म्याची नमाज झाली का मी जातो, काच उघडून कोटावर ब्रश मारतो, खांदा नीट करतो, आनि दर वेळी पोट थोडं जास्तच भरल्यासारखं लागते हाताले, माझ्या वयाचा दोष असन. गजूचा लहान कोटही कुठं कोनाच्या घरी, दुसऱ्याच्या नावानं असन. अल्ला करो तिथंही कोनी त्याची धूळ झटकत असो.