पाहुण्यांपुरतं पापलेट

गंधाली : हे काय आणलंस?

हर्षद : पापलेट. चष्मा लाव, दिसेल.

गंधाली : मी तुला बांगडे सांगितले होते. सहा बांगडे आणि लिंबं.

हर्षद : लिंबं आणलीत ना.

गंधाली : वा! म्हणजे निम्मं तरी ऐकलंस. केवढ्याला पडलं?

हर्षद : लिंबू?

गंधाली : हर्षद.

हर्षद : जोडी अठराशेला. कोळीण दोन हजारांखाली येत नव्हती. मी झकास भाव पाडून घेतला.

गंधाली : दोनशे वाचवलेस! मग काय, घराचा हप्ता भरल्यातच जमा. असा काटकसरी माणूस कंपनीने सोडलाच कसा?

हर्षद : हळू बोल गं. खिडकी उघडी आहे.

गंधाली : असू दे उघडी. तीन महिने सोसायटीला कळू नये म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून निघतोस, आरे कॉलनीत जाऊन टपरीवर चहा पीत बसतोस, संध्याकाळी रिक्षाने परत. रोजचे दोनशे तिथेच. आपल्याकडे बेकारीसुद्धा महाग आहे बाबा!

हर्षद : मग काय बसने येऊ? गेटवर सगळे बसलेले असतात.

गंधाली : माझे बाबा चाळीस वर्षं बसने गेले. बँकेत अधिकारी होते तरी.

हर्षद : अधिकारी होते म्हणून तर! तुझे बाबा बसने आले की साधी राहणी, उच्च विचारसरणी. मी बसने आलो की लगेच, 'हर्षदचं काहीतरी बिनसलंय वाटतं.' तुझे बाबा उसवलेली पिशवी घेऊन बाजारात जातात, लोक कौतुक करतात. माझा बाप तशी पिशवी घेऊन गेला असता ना, तर वाण्याने त्याच दिवशी उधारी बंद केली असती.

गंधाली : झालं सुरू. लालबागची चाळ.

हर्षद : बांगड्यांचंच घे. तुझे बाबा बांगडे आणतात आणि वर सांगतात, ओमेगा-थ्री असतं त्यात. आमच्या चाळीत तेच बांगडे तीन दिवस शिजले की शेजारीण विचारायची, 'पगार झाला नाही वाटतं?' मासा तोच हां. फक्त तुमच्याकडे त्याला इंग्रजी नाव आहे.

गंधाली : म्हणून तू अठराशेची अब्रू विकत आणलीस. आणि गेल्या महिन्यात वॉचमनच्या मुलीच्या लग्नात अकराशेचा आहेर केलास. तो वॉचमन अजून पगार घेतोय रे! तुझ्यापेक्षा सुखी आहे तो.

हर्षद : आणि तू काय केलंस? पेपर बंद, एसी बंद, दुधाच्या पिशव्या उलट्या करून धुतेस. परवा चहाची पावडर दुसऱ्यांदा उकळलीस, मी काही बोललो नाही. पण तेल मात्र लाकडी घाण्याचं, साडेचारशे रुपये लिटर.

गंधाली : तब्येतीच्या बाबतीत तडजोड नको.

हर्षद : बरोबर. भूक मेली तरी चालेल, कोलेस्टेरॉल वाढता कामा नये.

गंधाली : तू विषय बदलू नकोस. बांगडे का नाही आणलेस, ते मला चांगलं माहितीये.

हर्षद : का?

गंधाली : कारण आपलं ठरलं होतं. आज आई-बाबा मुलुंडहून जेवायला येणार आणि जेवणं झाली की मी बाबांना सांगणार. दोन हप्ते थकलेत, तिसरा चुकला की बँकेची नोटीस दारात. आणि तू आणतोस पापलेट! आता मी कशी सांगू? 'बाबा, अजून एक तुकडा घ्या, आणि हो, आमचं घर जातंय'?

हर्षद : म्हणूनच आणलं.

गंधाली : वाटलंच मला.

हर्षद : मला लाज वाटते गं. लग्नात तुझ्या बाबांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, 'नोकरी पक्की आहे ना?' मी मान हलवली होती. वीस वर्षांनी तीच मान खाली घालून त्यांच्याकडे पैसे मागायचे?

गंधाली : मी मागणार आहे. तू नाही.

हर्षद : आणि तुझ्या नावावरची एफडी? बाबांनीच लग्नात दिलेली ना?

गंधाली : एफडी मोडायची नाही.

हर्षद : का पण?

गंधाली : का म्हणजे? नसते मोडत. आमच्याकडे आईचं ऑपरेशन झालं, आत्याचं लग्न झालं, कुणी एफडीला हात लावला नाही. एफडी मोडली म्हणजे आपण संपलो.

हर्षद : म्हणजे बापाने दिलेले पैसे बँकेत झोपवून ठेवायचे आणि परत बापाकडेच पैसे मागायचे. यार, हे गणित फक्त तुमच्याच खानदानात सुटतं!

गंधाली : मला भीती वाटते, हर्षद. ते पैसे आहेत म्हणून रात्री झोप लागते मला. तुला नाही समजायचं.

हर्षद : मला नाही समजणार? मी तीन महिने झोपलेलो नाही.

गंधाली : बेल वाजतेय. इतक्यात आले? बघ जरा. आणि ती पिशवी आधी आत ने.

हर्षद : माझी आई आहे! भांडुपहून. तू आज अचानक कशी आलीस गं?

मालन : दार उघडूक एवढो वेळ? भांडत होतास काय? चालू ठेवा, चालू ठेवा. मी आपली चपला काढतंय.

गंधाली : या, आई. काही नाही हो, मासळीवरून चाललं होतं.

मालन : बघू खंयची मासळी. अरे बापरे, पापलेट! आणि येवढा मोठा! हर्षद...

हर्षद : काय गं?

मालन : नोकरी कधी गेली रे तुझी?

हर्षद : काय? कोण म्हणालं? आपला राजेश बोलला तुला?

मालन : म्हणजे भावाक, राजेशाक म्हायत आसा. फक्त माका, आवशीक, तेवढा सांगूचा नव्हता. बरा.

हर्षद : तसं नाही गं आई. पाहुणे येणार म्हणून आणलं.

मालन : हेच पाहुणे दिवाळीक इल्ले. तेव्हा पगार चालू होतो तुझो. काय घातलंस त्यांका? कोळंबीची खिचडी नि भाजलेलो पापड. आणि आज जोडीन पापलेट? तुझो बापूस अगदी असोच. खिसो भरलेलो असलो की घरात स्वस्तातले तारले, रिकामो झालो की पापलेट.

गंधाली : तीन महिने झाले, आई. तुम्हाला त्रास नको म्हणून बोललो नाही.

मालन : त्रास कसलो, गो? गिरणीचो संप काढलोय मी. तुमचो तीन म्हयन्यांचो संप माका काय सांगतंस?

हर्षद : बाबांनी निभावलं ना पण? कुणाला कळू दिलं नाही त्यांनी कधी.

मालन : नाय दिल्यान. खरा आसा. सात म्हयने झालेले संपाक, तेव्हा माझो भाऊ सहदेव गावाहून बघूक इलो, बहिणीचा कसा चाललाहा म्हणून. तुझ्या बापाशीन खंयसून पैसे हाडल्यान ता देवाक ठावक. असाच पापलेट. सोलकढी, वड्यांची चळत. सहदेव पोटभर जेवलो, ढेकर दिल्यान.

हर्षद : बघ! संपात सुद्धा.

मालन : पुढचा ऐक. दर म्हयन्याक तो आमका गावाहून तांदळाची गोण धाडी. त्या गोणीवर तुम्ही पोरा जगलास. हयसून जाऊन त्याने घरात सांगितल्यान, 'मालनचा झकास चाललाहा. पापलेट खातत. आता काय धाडूक नको.' पुढच्या म्हयन्यापासून गोण बंद.

गंधाली : मामा असे वागले?

मालन : त्याका कशाक नावा ठेवतंस, गो? त्याने बघल्यान तसा सांगितल्यान. दाखवला आम्ही ना.

गंधाली : मग तुम्ही त्यांना खरं का नाही सांगितलं?

मालन : ढेकर दिलेल्या माणसाक काय सांगतलंस? मी स्वयंपाकघरातसून नवऱ्याक खुणावत होतंय, आता बोला, आता बोला. तो आपलो वाढत रवलो.

हर्षद : पण आपण नंतर सावरलो की. भांडुपला मोठी जागा घेतली बाबांनी.

मालन : कोणी सांगितल्यान?

हर्षद : बाबांनीच. लालबागला कोंदट होतं, भांडुपला हवा चांगली म्हणून आलो आपण.

मालन : हवा! डोंगरार पत्र्याच्या घरात हवा आसताच, दार नाय म्हटल्यावर. लालबागची खोली गेली रे आपली. आधी माझ्यो बांगड्यो, मगे खोली. तू शेंबडो पोर होतंस, तुका काय सांगतलो तो? 'हवा चांगली' म्हणान सांगितल्यान. मरेपर्यंत तसाच म्हणत रवलो.

(गॅसवर चहा उतू जातो.)

गंधाली : आई, चहा...

मालन : जाऊ दे तो. दुसऱ्यांदा उकळलेलोच ना? रंगावरनच कळता. नि तू गो, ती तुझी कागदावरची पुंजी कोणाच्या बाराव्याक ठेवलंस?

गंधाली : तुम्ही दाराबाहेरून ऐकत होतात?

मालन : खिडकी उघडी आसा.

गंधाली : बेल. हे मात्र आई-बाबाच. हर्षद, मी काय करू? बोलू का जेवण झाल्यावर?

हर्षद : तू थांब. मी उघडतो.

अनंत : उशीर झाला का रे आम्हाला? कुंदा खाली भाजीवाल्याशी बोलतेय, येईल मागून. नमस्कार मालनताई! अरे वा, ओट्यावर हे काय, पापलेट! जावईबापूंचं एकदम उत्तम चाललेलं दिसतंय.

हर्षद : नाही हो, बाबा. माझी नोकरी जाऊन तीन महिने झाले. दोन हप्ते थकलेत. आत्ताच सांगतो. जेवल्यावर माझ्याने सांगवणार नाही.