हरवल्याचा अर्ज

लुधियानातल्या पोलीस ठाण्यात हरकीरत बाकावर बसला होता. दुचाकीवरच्या दोघांनी भर बाजारात त्याच्या हातातला मोबाइल हिसकावला होता. पण बाहेरच्या टायपिस्टने अर्जात 'हरवला' असंच लिहून दिलं होतं. तसं लिहिलं की शिक्का लगेच मिळतो. त्याच्या आधी बचिंत कौर नावाच्या म्हातारीचा नंबर होता. ती तक्रार लिहून घेणाऱ्या मुनशीसमोर बसली होती.

"कानातली वाळी गेली ना, बीजी? मग चोरी लिहितो."

"माझ्या नकळत गेली असती तर चोरी म्हटलं असतं, पुत्तर. हा तर समोरून आला आणि त्याने थेट कानालाच हात घातला."

"बरं, मग हिसकावणी लिहू. नव्या कायद्यात तिचं कलम वेगळं आहे."

"पण ती सहजासहजी निघाली नाही. मी त्याचं मनगट धरलं, तेव्हा त्याने कान फाटेस्तोवर ओढली."

"दुखापत करून नेली, म्हणजे लूट झाली, बीजी. दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचं कलम! या महिन्यात आधीच दोन लुटी नोंदल्यात. साहेब माझ्यावर उखडतील."

"साहेबांच्या कानाला किती टाके पडलेत?"

म्हातारीने ओढणी बाजूला केली. मुनशीने मान खाली घालून लिहायला घेतलं. सगळं त्याच्याकडून वाचून घेतल्यावरच तिने अंगठा उठवला.

"पुढे या. तुमचं काय हरवलं?"

हरकीरतने अर्जाची घडी करून खिशात घातली.

"हरवलं काहीच नाही, मुनशीजी. एक कोरा कागद द्या."