ढीग साचत नाही

लेखनिक : ...'सदर ठिकाणी खाणीतील टाकाऊ दगडमातीचा ढीग कालांतराने साचत गेला व मंगळवारी दुपारी अचानक घसरून पंपघरावर आला.' संपलं. एवढाच तुमचा जबाब, बाई. इथे सही करा.

डंपरवाली : परत वाचा.

लेखनिक : दोनदा वाचला की.

डंपरवाली : मग तिसऱ्यांदा. ढिगाचं काय झालं म्हणालात?

लेखनिक : साचत गेला.

डंपरवाली : साचतं ते पाणी, साहेब. गटारात गाळ साचतो, कपाटामागे केर साचतो. कुणी न आणता येतं ना, ते साचतं. हा ढीग मी घातलाय. तीन वर्षं डंपर चालवतेय त्या खाणीत.

मुकादम : वहिनी, एका शब्दाला काय धरून बसलाय? बाहेर अजून सात जण ताटकळलेत.

डंपरवाली : त्या सातांच्या कागदावरही 'साचला'च असेल, भाऊजी. आधीच लिहून आणलेलं दिसतंय.

लेखनिक : चौकशीत मसुदा तयार ठेवतात, बाई. सगळ्यांचा वेळ वाचतो. बरं, 'साचला' नको असेल तर 'जमा झाला' करू.

डंपरवाली : जमा व्हायला तो काय लग्नाला आला होता? माणसं जमतात. पाय असतात त्यांना.

लेखनिक : 'साठला'?

डंपरवाली : साठवतो ते आपण पुढे लागेल म्हणून. हे कुणालाच नको होतं. म्हणून तर दुसऱ्याच्या डोक्यावर नेऊन ठेवलं.

लेखनिक : तुम्ही डंपर चालवता की व्याकरण शिकवता?

डंपरवाली : सातवीत शाळा सुटली माझी. पण दिवसाला अठरा खेपा जिथे ओतल्या, तिथे काय झालं ते सांगायला सातवी पुष्कळ झाली.

मुकादम : साहेब, तिचं मनावर घेऊ नका. पंपमास्तर त्या ढिगाखाली गेल्यापासून डोकं ठिकाणावर नाही तिचं. रोज त्याच्या पंपघराशी डबा खायची.

डंपरवाली : माझं डोकं ठिकाणावर आहे. पंपमास्तरांचंही होतं. साहेब, त्यांचं कुणी लिहिलंय का? दर महिन्याच्या एक तारखेला ते ढिगाच्या पायथ्याशी चुन्याची रेघ मारायचे. पुढच्या एक तारखेला रेघ दगडाखाली गेलेली असायची. मग आणखी अलीकडे दुसरी मारायची. शेवटची रेघ पंपघराच्या उंबऱ्याला लागून होती. मला म्हणाले, आता कुठे मारू, आत?

लेखनिक : हे तुम्ही कुणाला सांगितलंत तेव्हा?

मुकादम : वहिनी...

डंपरवाली : सांगितलं.

लेखनिक : कुणाला?

डंपरवाली : ते नंतर. आधी शब्द बदला. 'रचला' लिहा. नाहीतर 'घातला' लिहा. म्हणजे पुढे विचारावं लागतं, कुणी.

लेखनिक : बाई, जरा समजून घ्या. 'साचला' लिहिलं तर दोष कुणाचाच नाही, सगळे सुटतात. 'रचला' लिहिलं की पहिलं नाव तुमचं येतं. खेप ओतणारा हात तुमचा. लायसन जाईल, काम जाईल. आणखी काय काय जाईल ते मी सांगू शकत नाही.

डंपरवाली : माझंच नाव घाला आधी. 'मी रचला.' मी तरी कुठे धुतल्या तांदळासारखी? ढिगाला भेग पडलेली दिसत होती मला. हाताचा पंजा जाईल एवढी. तरी मंगळवारी सकाळी सहा खेपा ओतल्या. दुपारी सातवी ओतायला वर चढले आणि आरशात बघते तर खाली पंपघर नाही. नुसती धूळ.

लेखनिक : पाणी देऊ?

डंपरवाली : नको. लिहा.

मुकादम : लिहू नका, साहेब! वहिनी, तुमच्या पोरीचा तरी विचार करा. दादा गेला तेव्हा ह्याच खाणीत त्याच्या जागी तुम्हाला उभं केलं मी. बाई डंपर चालवणार म्हणून सगळे दात काढत होते. पंधरा दिवस शेजारी बसून गिअर शिकवला. हेच फळ त्याचं?

डंपरवाली : ते मी विसरलेले नाही, भाऊजी. तुम्ही नसतात तर मी दारोदार फिरले असते. पण त्याच्या बदल्यात पंपमास्तर कसे देऊ? ते काही माझे नव्हते द्यायला.

लेखनिक : झालं लिहून. 'सदर ढीग मी व इतर चालकांनी रचला.' आता नियमाप्रमाणे पुढचं विचारावंच लागेल. कुणाच्या सांगण्यावरून?

(ती मुकादमाकडे बघते. तो खिडकीशी जाऊन उभा राहतो.)

लेखनिक : बाई? कोरं सोडलं तरी चालेल.

डंपरवाली : कोरं सोडू नका. मुकादमांच्या सांगण्यावरून.

लेखनिक : म्हणजे... ह्यांच्या?

डंपरवाली : घरी माझे दीर. खाणीवर मुकादम. भेगेचंही ह्यांनाच सांगितलं होतं, सोमवारी संध्याकाळी, पाळी सुटताना. म्हणाले, उद्यापासून पलीकडच्या खड्ड्यात ओत. मंगळवारी सकाळी मी गाडी पलीकडे वळवली तर शिट्टी मारून मागे बोलावलं. म्हणाले, नको, इथेच ओत.

मुकादम : वा, वहिनी! शेवटी मानेवर सुरी ठेवलीत. मला हौस होती का? मी काय मालक आहे? मॅनेजरचा फोन आला होता सकाळी! पलीकडच्या खड्ड्याला फेरा पडतो, डिझेल फुकट जातं, इथेच ओता, कुणी मेलं तर मी बघतो म्हणाला!

लेखनिक : बाई, मॅनेजरांचं हे तुम्ही ऐकलंत?

डंपरवाली : नाही.

मुकादम : आता मी बोललो ना तुमच्यासमोर! ऐकलं म्हणा की! एवढं खरं खरं करताय तर हेही लिहा!

डंपरवाली : मी शिट्टी ऐकली. 'इथेच ओत' ऐकलं. तेवढंच सांगीन. न ऐकलेलं माझ्या जबाबात घातलं, तर साहेबांच्या 'साचला'त आणि माझ्या 'रचला'त फरक काय राहिला?

मुकादम : म्हणजे मी एकटा अडकलो.

डंपरवाली : एकटे कसे? तुमच्या आधी माझं नाव आहे.

मुकादम : आणि मॅनेजर सुटला.

डंपरवाली : ते माझ्या हातात नाही.

लेखनिक : बाई, सही करण्याआधी एक सांगतो. कागद वर गेला की वरचे मला फोन करतील. जबाब सौम्य करा म्हणतील. अठरा वर्षं तेच करत आलोय.

डंपरवाली : मग मला एक नक्कल द्या. शिक्का मारून. फोन आला तर सांगा, बाईकडे एक आहे.

लेखनिक : नकलेचा अर्ज लागतो.

डंपरवाली : द्या इकडे, करते. कोरा कागद आणि पेन. कुणाच्या नावाने करायचा तेवढं सांगा.

लेखनिक : ...राहू दे. मारतो शिक्का. आधी सही करा. पूर्ण नाव.

डंपरवाली : केली. 'रचला' नीट दिसतोय ना? शाई पसरलीये थोडी.

लेखनिक : दिसतोय. ही घ्या नक्कल. मुकादम, तुमचं काय? तुमचा तयार मसुदा हा इथे आहे. 'साचला' वाला. सही करून जाऊ शकता. मग बाईंच्या शब्दाविरुद्ध तुमचा शब्द.

मुकादम : आणि नाही केली तर?

लेखनिक : तर तुम्ही सांगाल ते लिहीन.

मुकादम : वहिनी, तो फोन आला तेव्हा वजनकाट्याच्या खोलीत दुसरं कुणीच नव्हतं.

डंपरवाली : मला कसं माहीत असणार, भाऊजी? मी गाडीत होते.

मुकादम : तेच म्हणतोय. कुणीच नव्हतं. मी गप्प बसलो तर तो फोन आलाच नाही.

लेखनिक : काय करू मग? हा मसुदा देऊ?

मुकादम : फाडा तो.

लेखनिक : या, बसा. सावकाश सांगा. फोन किती वाजता आला?