सुधारली, बिघडली की तशीच?

(बोरगाव मेघे. रूपरावांच्या घराची ओसरी. अंगणात त्यांच्या बिछायत केंद्राच्या, भाड्यानं द्यायच्या खुर्च्या थप्पीनं लागलेल्या. सर्वेला आलेल्या मोहिनीच्या मांडीवर टॅबलेट.)

मोहिनी : काकू, कारण लिहायला यात जागाच नाही. तीनच उत्तरं आहेत. वर्षभरापूर्वीपेक्षा घरची परिस्थिती सुधारली, बिघडली की तशीच? एकावर बोट ठेवायचं.

शकुंतलाबाई : मंग बिघडलीवर ठेवा. चांगलं दाबून ठेवा.

रूपराव : थांबा, थांबा मॅडम! सुधारली. गंज सुधारली, लय सुधारली.

शकुंतलाबाई : कवा?

रूपराव : तू चाय मांड व.

मोहिनी : काका, एका घराचं एकच उत्तर घेता येतं. आणि चहा नको. काल आष्टीत तीन घरी झाला, आज सकाळपासून चार घरी.

रूपराव : आष्टीले? काल तुमी आष्टीले होत्या?

मोहिनी : हो, यादीत होतं. आज बोरगाव मेघे. हे पहिलं उत्तर राहू द्या, पुढचं विचारते. येत्या वर्षात काही मोठा खर्च ठरवला आहे का? सोनं, गाडी, घरात लग्नकार्य?

रूपराव : दोन मिनिटं बसा, मॅडम. पिंकीची आई, आत ये. साखर सापडून नाई राह्यली.

शकुंतलाबाई : साखर तं समोरच... अवो, हात काऊन ओढता?

रूपराव : हळू बोल, ओसरीवर ऐकू जाते. थे सर्वेवाली नाई. पिंकीच्या होणाऱ्या सासऱ्यानं, मनोहररावानं धाडली हाय आष्टीहून. पोरीचं घर पाह्यले.

शकुंतलाबाई : काहीतरीच! मले वाटलं, बायाईच्या खात्यात महिन्याचे पैसे येते ना, त्याची तपासणी हाय. म्हणून तं मी बिघडली म्हणलं.

रूपराव : तपासणीवाली लगन विचारते काय? सोनं विचारते काय? रविवारी पिंकीची सोयरीक पक्की कराले येऊन राह्यले थे लोक. त्याच्या आधी आतली बातमी नाई काढतीन? मोठ्या पोरीच्या वेळी आपण काय केलतं? आपल्या गड्याले, तानबाले, कूलर दुरुस्तीवाला बनवून धाडलंतं ना व्याह्याच्या घरी?

शकुंतलाबाई : हो, आन् त्यानं त्याईचा चांगला चालता कूलर बिघडवून ठेवला.

रूपराव : पण बातमी तं आणली! घरात गाद्या किती, गहू किती, समदं. आता लोक पुढं गेले. टॅबलेट देऊन धाडते.

शकुंतलाबाई : आन् दोन्हीकडची असंन तं? सरकारचीही आन् आष्टीचीही?

रूपराव : मंग मी श्रीमंत, तू गरीब. चाल, कपाटातले नवे कप काढ.

शकुंतलाबाई : काढतो. पण खोटं बोलता बोलता हसू नका. तुमाले जमत नाई.

रूपराव : घ्या मॅडम, चाय. हं, तं खर्च. लिहा, लगन. पोरीचं. वर्धेत एसी लॉन, आठशे ताट.

मोहिनी : पण काका, तुमचं तर स्वतःचं बिछायत केंद्र आहे. मांडव, खुर्च्या, भांडी, सगळं घरचंच.

रूपराव : म्हणूनच तं! बिछायतवाल्यानं घरचा मांडव टाकला तं लोक काय म्हणतीन? लॉनले पैसे नसंन याच्यापाशी.

मोहिनी : बरं. आणि भर लगीनसराईत इतक्या खुर्च्या अंगणातच?

रूपराव : थ्या... जास्तीच्या हायत.

शकुंतलाबाई : त्या जास्तीच्यात मांजर व्याली. पिल्लंही आता उंदरं धरून राह्यले.

मोहिनी : म्हणजे व्यवसाय? वाढला, घटला...

रूपराव : वाढला. लोक आता तेरवीलेही मांडव मागते.

शकुंतलाबाई : तेरवीलेच मागते. लगन पुढं ढकलता येते, बाई. तेरवी नाई ढकलता येत.

मोहिनी : वस्तूंचे भाव?

रूपराव : आमच्या तं ध्यानातही येत नाई. लागलं का घेतो.

शकुंतलाबाई : दुकानात जाते कोण? पयले माह्या कढईत पुरी पोहत होती. आता नुसते पाय ओले करून निंगते.

मोहिनी : आणि देशाची आर्थिक परिस्थिती कशी वाटते?

रूपराव : एक नंबर. रोज टीव्हीवर पाहतो ना. समदं जोरात हाय.

शकुंतलाबाई : इकडंच यायचं राह्यलं हाय. सेलूपर्यंत आलं असंन.

रूपराव : मॅडम, इची बात नका लिहू.

मोहिनी : मग कोणाची लिहू? दर प्रश्नाला तुम्ही चांगलं म्हणता, काकू वाईट म्हणतात. दोघांची सरासरी काढली तर तुमचं घर 'तशीच'मध्ये जाईल. वर बसलेले म्हणतील, वा, बोरगावात सगळं जिथल्या तिथं आहे.

शकुंतलाबाई : जिथल्या तिथं कुठं हाय? हे आपला टेम्पो इकाले निंगले. त्या लॉनसाठी. परवा गिऱ्हाईकही आलतं पाह्यले.

रूपराव : टेम्पोचं कायले काढते आता!

शकुंतलाबाई : काढतो! एका दिवसाच्या लॉनसाठी टेम्पो गेला, तं दुसऱ्या दिवसापासून खुर्च्या डोक्यावर नेता काय? रविवारी आठशे ताट कबूल करून बसान, मंग मागं सरता येत नाई.

रूपराव : अन् नाई म्हणलं, आन् पोरीची सोयरीक मोडली तं? मॅडम, आता साफ विचारतो. तुमी मनोहररावाच्या कोण?

मोहिनी : मी? मी कोणाचीच नाही, काका. आंजी गावची आहे, फॉर्म भरत फिरते. आणि हे कमालच आहे. काल आष्टीतही एका काकांनी मला असंच विचारलं.

रूपराव : काय?

मोहिनी : 'तुम्ही पोरीकडून आल्या काय?'

शकुंतलाबाई : अगं माय!

रूपराव : कोण काका?

मोहिनी : नाव सांगता येत नाही. नियम आहे.

शकुंतलाबाई : नाव नका सांगू. काय म्हणे थे?

मोहिनी : सगळ्याला सुधारली. मी दीड तास बसले होते, तेवढ्यात दुकानात एक माणूस आला, तोही पत्ता विचारायला. तरी सुधारली.

शकुंतलाबाई : मनोहररावाचं कापडाचं दुकान.

मोहिनी : मी कापड म्हटलंच नाही, काकू!

शकुंतलाबाई : नाई म्हणलं. आन् त्याची बायको काय म्हणे?

मोहिनी : त्या आतून... नाही, नाही. हे मला नाही सांगता येत. मी आपली चहा पिते. काकू, तुमच्या कपाच्या बुडाला भावाची चिठ्ठी राहिली आहे.

शकुंतलाबाई : आत्ताच काढले ना कपाटातून.

मोहिनी : काल आष्टीतही अशीच राहिली होती.

रूपराव : म्हणजे त्याईचंही आपल्यासारखंच...

शकुंतलाबाई : काय झालं? बोला ना.

रूपराव : पिंकीची आई, आठशे ताट त्याईनं मागितलेच नाई. मी आपला पाचशे म्हणलो. थे चूप राह्यले. मले वाटलं, कमी पडले. म्हणून मीच आठशे म्हणलो.

शकुंतलाबाई : मंग?

रूपराव : मंग अजून चूप झाले.

शकुंतलाबाई : होतीनच ना! आठशे ताटाच्या पोरीले अंगावर सोनं किती चढवा लागंन, थे मोजत असतीन बिचारे. लावा फोन.

रूपराव : काय सांगू?

शकुंतलाबाई : हेच. दारात मांडव, घरच्या खुर्च्या, दोनशे माणूस.

रूपराव : मांजर?

शकुंतलाबाई : मांजर मी उठवतो. लावा.

रूपराव : अन् त्याईनं मोडलं तं?

शकुंतलाबाई : तं माही पोट्टी घरी राहीन, आन् टेम्पोही. उद्या दुसरं घर पाहू. पण खोटं आठशे बोलून तिले त्या घरात नाई धाडाचं.

रूपराव : हॅलो... मनोहररावजी? रामराम, बोरगावहून रूपराव. एक बोलाचं होतं जी. थे लॉनचं जमून नाई राह्यलं. नाई, तारखेचं नाई, पैशाचंच. साफ सांगतो. मांडव दारात टाकतो, माह्या हातानं टाकतो, पाहत राहसान असा. दोनशे माणूस. ...हॅलो? हाव, हाव, ऐकून राह्यलो. ...हो जी. ...त्या मॅडम? इथंच बसल्या हायत. नाई जी, आमीही नाई धाडल्या. ...बरं. बरं. रविवारी येजा.

शकुंतलाबाई : काय म्हणे?

रूपराव : पयले म्हणे, थ्या मॅडम तुमीच धाडल्या काय?

शकुंतलाबाई : अन् मंग?

रूपराव : मंग म्हणे, दोनशे कायले, दीडशेत भागते.

मोहिनी : काका, तुमचा पहिला प्रश्न अजून कोराच आहे. काय लिहू?

शकुंतलाबाई : सुधारली लिहा, बाई. आत्ताच सुधारली.