टेकडीवरची हातभट्टी

हसा लेको, पण दारूबंदी नवीन होती तेव्हा मला नुसत्या चहावर दारुडा म्हणून धरलं होतं.

पुण्याच्या डॉक्टरकडं आम्हा तिघांची ओळख झाली. कोऱ्हाळ्याचे आबा, बावड्याच्या गंगूअक्का आणि मी पणदऱ्याचा. तिघांना नसांचं एकच दुखणं. चालताना झोकांड्या जायच्या, बोलताना जीभ अडखळायची. पाय हलतायत तोवर खंडोबाची टेकडी चढून घेऊ, ही टूम माझीच.

थंडीत, ऊन तापायच्या आत, एकमेकांचे खांदे धरून निघालो. पायथ्यालाच एक शिपाई आडवा आला.

"सकाळच्या पारी टाकली व्हय? हातभट्टी कुठं हाय?"

आबा अडखळत म्हणाले, "दारू न्हाय बाबा, आजार हाय."

"समदे असंच म्हनत्यात. चला गेटावर."

आता गेटावर, म्हणजे पोलीस चौकीवर, गेलो तर टेकडी राहिलीच. तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "वर हाय भट्टी. चल, दावते."

शिपाई खुशीत निघाला. निम्म्यात आबांचे पाय गळाले, तर भट्टीच्या घाईत त्यानं त्यांना पाठीवरच घेतलं. स्वतःची काठी अक्कांना दिली, मला हाताला धरून ओढलं.

वर देऊळ आणि वारा, दुसरं काही नाही. अक्कांनी गाठोडं सोडून त्याच्या हातावर भाकरी ठेवली.

"आन् भट्टी?"

"न्हाय लेकरा. आजारच हाय. आबांनी खालीच सांगितलं हुतं."

तो घाम पुसत आबांच्या पायांकडं बघत राहिला. भाकरी संपवली, पागोटं नीट केलं आणि आबांसमोर पाठ करून बसला.

"चला आबा. उतरताना बी तुमीच पयले."