डावी गिरकी

माझा जन्म तबेल्याला लागून असलेल्या खोलीत झाला, मधे एकच भिंत होती आणि त्या भिंतीलाही खिडकी, त्यामुळं पाळण्यात होते तेव्हापासून घोडी माझ्याकडं बघत होती असं माय म्हणायची. सांगोल्याकडं आमचं गाव. बा लग्नात घोडी नाचवायचा. हलगी सुरू झाली की आमची पांढरी चंद्री नवरदेवाला पाठीवर घेऊन अशी गिरकी घ्यायची की बायका लेकरं कडेवर घेऊन मागं सरकायच्या. आणि काय सांगू तुम्हाला ताई, माझा लेक विजय इथं न्यू जर्सीत लोकांना सांगतो, आजोबा ट्रान्सपोर्टमध्ये होते. ट्रान्सपोर्टमध्ये. तुम्ही लिहून घेताय ते बरंच करताय, पण माझा राग तेवढा गाळू नका, नाहीतर मग काही उरणार नाही.

तर बा चंद्रीला फक्त उजवीकडं फिरवायचा. का, तर देवाला प्रदक्षिणा उजवी, मग नवरदेवाची घोडी डावीकडं फिरली तर संसार उलटा होतो. आता घोडी गिरकी घेते ती कशावर, तर ज्या बाजूला वळायचं त्या बाजूच्या मागच्या पायावर. तो पाय जागेवर रोवायचा आणि पुढचे दोन पाय एकावरून एक टाकत त्याच्याभोवती फिरायचं. म्हणजे सगळ्या लग्नसराईचं वजन, नवरदेवासकट, एकट्या मागच्या उजव्या पायावर. मी तेरा वर्षांची होते, रोज तिचा पाय तेलानं चोळायचे, हाताला गरम लागायचा. मी बाला म्हटलं, हिला घरी तरी डावीकडं फिरवत जा, तो पाय जरा सुटेल. बानं मुस्काटात मारली, म्हणाला पोरीच्या जातीनं वैरण घालायची, अक्कल घालायची नाही. दोन वर्षांत चंद्री लंगडी झाली आणि बानं ती बाजारात नेऊन विकली, कुणाला ते सांगितलंसुद्धा नाही. मी बाला माफ केलेलं नाही. मेलाय तो, तरी नाही.

पुढं लग्न झालं, मालक गेले, आणि विजयनं मला इकडं आणलं. एकदा गणपतीत कुणाच्या तरी घरी जेवायला गेलो, तिथं हा दीपक भेटला. नागपूरचा, विजयबरोबर काम करायचा, मग नोकरी सोडली आणि लग्नाला घोडा पुरवायचा धंदा काढला. तो सांगत होता, यार लोकांना आता नुसता घोडा नको, स्पिन पाहिजे, व्हिडिओ काढायला, आणि आपली डेझी तर नुसती उभी राहते. मी भात कालवत म्हटलं, आण माझ्याकडं, शिकवते. विजयनं टेबलाखालून माझा पाय दाबला. मी म्हटलं पाय काय दाबतोस, घोडी नाचवणाऱ्याची लेक आहे मी. विजयनं हात धुतले आणि गाडीची चावी घेतली.

डेझी कॅरलच्या तबेल्यात असायची. कॅरल गोरी, साठीची, माझ्यासारखीच गुडघे दुखणारी. ती वर बसायची, मी खाली दोरी धरायचे. मला तिचं कळायचं नाही, तिला माझं कळायचं नाही, पण घोडीला दोघींचं कळायचं. आधी मोठं रिंगण, चालत. मग रोज रिंगण थोडं लहान, थोडं लहान, इतकं लहान की मागचा पाय आपोआप जागेवर रुततो आणि पुढचा बाहेरचा पाय आतल्या पायावरून पलीकडं पडतो. तसं एक पाऊल बरोबर पडलं की लगाम लगेच सैल सोडायचा आणि मान खाजवायची. ओढायचं नाही. घोडी ओढून फिरत नाही, सोडल्यावर फिरते, हे बाला जन्मभर कळलं नाही. आणि जितकं उजवीकडं तितकंच डावीकडं. दोन महिन्यांत डेझी दोन्ही बाजूंनी भोवऱ्यासारखी फिरायला लागली.

दीपक बघायला आला तर काय म्हणतो, काकू हे डावीकडचं डिलीट करा. मी म्हटलं का रे. म्हणे लोक ऑब्जेक्शन घेतात, अशुभ असतं. एवढा शिकलेला, कॉम्प्युटरवर बसून पंधरा वर्षं काढलेला माणूस आणि तोंडातून माझा बा बोलतोय. मी म्हटलं, लग्नात फिरव उजवीकडं, पण तबेल्यात डावीकडं फिरवलीच पाहिजे, शपथ घे. घेतली शपथ. पाळली नाही. उन्हाळाभर शनिवारी दोन लग्नं, रविवारी दोन, हॉटेलच्या पार्किंगमधल्या कडक डांबरावर, दर वरातीला अकरा गिरक्या, अकराही उजव्या. मधल्या दिवशी कोण येतंय डावीकडं फिरवायला.

एका गुरुवारी मी तिच्या मागच्या उजव्या पायाला हात लावला, सांध्याला. गरम. पन्नास वर्षांपूर्वी लागला होता तसाच. दीपकला फोन केला, परवाचं कॅन्सल कर. म्हणाला काकू टेन्शन घेऊ नका, दुखणं दाबायची पेस्ट देतो तोंडातून, कळणारसुद्धा नाही तिला. तिला कळणार नाही. मग पायाला कळणार का तुझ्या बापाला, असं बोलले मी, आणि बोलले ते बरोबरच बोलले.

लग्न नेमकं विजयच्या साहेबाच्या मुलाचं. विजय म्हणाला आई तू येऊ नकोस. मी साडी नेसून गाडीत जाऊन बसले.

ढोल सुरू झाला, दीपकनं उजवीकडं लगाम ओढला. डेझीनं कान मागं पाडले आणि जागची हलली नाही. त्यानं परत ओढला, हिसका देऊन. मी मधे घुसले आणि लगाम धरला. वर बघून नवरदेवाला म्हटलं, उतर बाबा, हिचा पाय दुखतोय. तो इथंच जन्मलेला, मला वाटलं कळणार नाही. पण तो म्हणाला, इज शी हर्ट, आजी, आणि लगेच उतरला, शेरवानी सावरत. उतरताना तिच्या मानेवरून हातही फिरवला त्यानं. त्याची आई मात्र पुढं आली, म्हणाली मावशी, भर वरातीत नवरदेवाला खाली उतरवलंत, केवढा अपशकुन. मी म्हटलं, अगं दुखऱ्या पायाच्या जिवावर बसून मांडवात जाणं हा शकुन असतो होय. सगळे फोन वर धरून उभे होते. ढोलवाला थांबला होता. विजय गाड्यांच्या आड उभा, मान खाली.

आता विजय माझ्याशी कामापुरतं बोलतो. आई औषध घेतलंस का, आई थर्मोस्टॅटला हात लावू नकोस. साहेबाकडून त्याला काय ऐकावं लागलं ते मला सांगत नाही, मी विचारत नाही, आणि माफी तर मागणार नाहीच. डेझीला डॉक्टरनं वर्षभर विश्रांती सांगितली, तेव्हा दीपकनं ती कॅरललाच देऊन टाकली, उभी घोडी कोण पोसणार म्हणाला. थोडी लंगडते अजून. जन्मभर लंगडेल असं कॅरलच्या तोंडावरून वाटतं. शिकवली मीच ना. मी गिरकी शिकवली नसती तर ती अजून नुसती उभी राहिली असती लग्नात, फुलांच्या माळा खात. दीपकवर राग आहेच, बावर आहेच, पण हा स्वतःवरचा कुठं ठेवू ते सांगा.

मागच्या आठवड्यात दीपकचा मेसेज आला, नवीन तपकिरी घोडा घेतलाय, काकू झालं गेलं विसरा, याला शिकवता का. मी नातीकडून लिहवून घेतलं, नाही. नात म्हणाली आजी, ॲड अ प्लीज, ॲट लीस्ट. मी म्हटलं, नाही एवढंच लिही.

तुमच्या मुलांची लग्नं होवोत ताई, थाटात होवोत, सुखाचे संसार होवोत सगळ्यांचे. देवानं नवरदेवाला दोन चांगले पाय दिलेत. चालत या म्हणावं.