पहिला वर गेलेला हात

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजेच आमच्या बटण कारखान्याचे मालक, व्यासपीठावरचे व्यवस्थापक साहेब, पाहुणे मंडळी आणि पॉलिश खात्यातल्या माझ्या सोबत्यांनो,

साहेब आत्ता माझ्याबद्दल फार चांगलं बोलले. ऐकताना मलाच वाटलं, एवढा कामाचा माणूस हे लोक घालवतायत कशाला? हसा, हसा.

मी स्वखुशीने निवृत्त होतोय, असं साहेब म्हणाले. त्यावर थोडं बोलतो. मंदी आली तेव्हा साहेब खात्यात आले आणि कमी पगारावर कोण राहायला तयार आहे, असं त्यांनी विचारलं. आम्ही सगळ्यांनी हात वर केले. काही महिन्यांनी पुन्हा तेच. ज्याचा हात उशिरा वर जाई, त्याच्याकडे साहेब जरा जास्त वेळ बघत. मग काय, आम्हाला सवयच लागली. साहेबांनी तोंड उघडलं की हात वर. गेल्या महिन्यात ते "तुमच्यापैकी कोण" एवढंच म्हणाले, आणि माझा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. पुढचे शब्द होते, "स्वखुशीने नोकरी सोडायला तयार आहे?" बाकीच्यांचे हात खांद्यापाशीच थांबले. मी माझा खाली घेतला, तोवर नाव लिहून झालं होतं.

सोबत्यांनो, तुमच्यावर राग नाही. तुमच्या जागी मीही गप्पच बसलो असतो.

अध्यक्ष महाराज, हे भेटीचं घड्याळ परत घ्या आणि मला अर्ध्या पगारावर ठेवा. अर्धा जास्त वाटत असेल तर तुम्ही म्हणाल तो. पॉलिशचं काम नसेल तर झाडू द्या. तिसऱ्या रांगेत माझी बायको बसलीय. नवऱ्याचा सत्कार आहे म्हणून हौसेने आलीय, कारण मीच तिला तसं सांगितलं. मुलीचं शिक्षण अर्ध्यावर आहे. चारचौघांत असं मागायची लाज वाटते हो, पण लाज धरून घरी गेलो तर खायचं काय?

मालकांनी घड्याळ पुन्हा माझ्याकडेच सरकवलं. ठीक आहे. उद्या पहिल्या पाळीला मी येणार. फाटकावरचा रखवालदार माझा साडू आहे, तो काय दाराशी उभा आहे. साडूभाऊ, कमी पगार घेऊन तुम्हीही टिकलात. मला अडवायचा हुकूम आला तर नातं बघू नका, सरळ ढकलून बाहेर काढा.

ऐकून घेतलंत, सगळ्यांचा आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर मालकांनी पोटात घालावं. त्याचा राग माझ्या साडूवर काढू नये. दोघी बहिणींपैकी एकीचा तरी नवरा कामावर राहू दे.